गावात व्हीआर हेडसेट घ्यायचा तर: पाचशेचा डबा, जुना क्वेस्ट की नवा?

आर्वीकडच्या आमच्या गावात मी ऑनलाइन सेंटर चालवतो. सातबारा काढायला आलेले लोक काम झालं तरी रेंगाळतात, कारण टेबलावर व्हीआर हेडसेट ठेवलेला असतो, डोळ्यांवर चढवला की आभासी जगात नेणारा. "भाऊ, हे केवढ्याले पडते?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "पोट्ट्यासाठी घेऊ का?" पहिल्याचं उत्तर पाचशे रुपयांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत कुठेही जातं, म्हणून दुसऱ्याचं उत्तर नीट द्यावं लागतं. कापसाचे पैसे हाती आल्यावर ज्यांच्या घरी ही चर्चा सुरू होते, त्यांच्यासाठी लिहितोय.

किमतीच्या आधी एक फरक समजून घ्या. स्वस्तातला डबा, ज्यात आपलाच फोन घालायचा, तो फक्त मान ओळखतो. डावीकडे बघितलं की चित्र डावीकडे वळतं, वर बघितलं की आभाळ दिसतं. पण एक पाऊल पुढे टाकलं किंवा खाली वाकलात तर त्याला पत्ताच लागत नाही. महागातला हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली बघत असतो. तुम्ही सरकलात, उकिडवे बसलात, तर आतलं जगही त्या हिशोबाने हलतं. शेजारच्या आजींना मी दोन्ही लावून दाखवले. डब्यातले समुद्राखालचे मासे बघून त्या म्हणाल्या, "टीव्हीच तं आहे हे." दुसरा लावला आणि आतल्या कड्याच्या टोकाशी नेलं, तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. "माय वो, पडतो ना मी!" जास्तीचे पैसे जातात ते याच फरकाचे.

आता डबा. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला आणि २०२१ मध्ये स्वतः विकणं थांबवलं, पण तशा घडणीचे डबे अजून मिळतात. पुठ्ठ्याचा दोन-पाचशेत, प्लास्टिकचा हजार-दोन हजारांत. जिओनेही २०२३ मध्ये १,२९९ रुपयांचा जिओडाइव्ह काढला होता, क्रिकेट बघायला. जात तीच. आत फोन तुमचा, डब्यात नुसती दोन भिंगं. त्यामुळे आधी फोन तपासा. त्यात जायरोस्कोप, म्हणजे फोन कुठे वळला ते ओळखणारा सेन्सर हवा, आणि बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो नसतो. यूट्यूबवर ३६० अंशांचा व्हिडिओ लावा, फोन हातात धरून जागच्या जागी फिरा. चित्र तुमच्यासोबत फिरलं तर ठीक, नाहीतर डबा घेऊन उपयोग नाही.

चांगल्या फोनची स्क्रीन १०८० बाय २४०० पिक्सेलची धरली तरी दोन डोळ्यांत वाटल्यावर एकेका डोळ्याला १०८० बाय १२०० उरतात, आणि तेही भिंगाने मोठे होऊन दिसतात. म्हणून डासांच्या जाळीतून बघतोय असं वाटतं. पंधरा-वीस मिनिटांत फोन तापतो. वाकल्यावर आतलं जग वाकत नाही, म्हणून काहींना मळमळतं. तरीही पोराला हे आवडतं का, चक्कर येते का, हे पाचशे रुपयांत कळत असेल तर तो खर्च मी वाया गेला म्हणणार नाही.

तीन ते आठ हजारांच्या मधल्या डब्यांवर मात्र एक रुपयाही घालू नका. हेडफोन असतो, छोटा रिमोट असतो, पट्टा मऊ असतो. ओळखतात मात्र मानच.

खरी तुलना तिघांची आहे, आणि तिघेही मेटाचे, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचे, क्वेस्ट नावाचे हेडसेट. या तिघांना फोन आत घालावा लागत नाही की कॉम्प्युटर जोडावा लागत नाही. क्वेस्ट २ ऑक्टोबर २०२० मध्ये आला, २०२४ च्या शेवटी बंद झाला. क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मधला, तेव्हा किंमत ४९९ डॉलर. क्वेस्ट ३एस ऑक्टोबर २०२४ मधला, तेव्हा २९९ डॉलरपासून. आपल्या हातात येईस्तोवर आयातीचा खर्च चढतो आणि प्रत्येक दुकानदाराचा भाव वेगळा निघतो, म्हणून तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉरंटी कोण देणार, बिघडला तर कुठे पाठवायचा, हे बिलावर लिहून घ्या. नागपूरला दोन चकरा झाल्या की स्वस्तातला सौदा स्वस्त राहत नाही.

३एसची स्क्रीन आणि भिंगं जवळजवळ क्वेस्ट २ चीच, एका डोळ्याला १८३२ बाय १९२०. पण आतली चिप क्वेस्ट ३ ची. क्वेस्ट ३ ला २०६४ बाय २२०८ पिक्सेल आणि पातळ, सपाट पॅनकेक भिंगं, त्यामुळे कडेपर्यंत अक्षर स्वच्छ दिसतं. ३एसमध्ये मधलं स्पष्ट, कडेचं जरा पुसट. दोन्ही शेजारी ठेवून पोरांना दाखवले तर खेळताना कुणाच्या लक्षात आलं नाही, वाचायला लावलं तेव्हा मात्र आलं. म्हणून खेळ, सफरी, विज्ञानाचे धडे यासाठी ३एस पुरे. तासन्‌तास वाचायचं असेल, डिझाइनचं काम करायचं असेल, तरच ३ चे जास्तीचे पैसे मोजा. वजनात फरक नाही, दोन्ही अर्ध्या किलोच्या थोडे वर.

जुना क्वेस्ट २ बारा-पंधरा हजारांत कुणी देत असेल तर मन होतंच. पण काही नवे खेळ त्यावर चालतच नाहीत, आणि यापुढे ही यादी वाढतच जाणार. घ्यायचाच तर भिंगांवर चष्म्याचे ओरखडे बघा, हातातल्या कंट्रोलरची काडी सोडल्यावर खेळातलं पात्र आपोआप चालत तर नाही ना ते बघा, आणि आधीच्या मालकाचं खातं समोर काढायला लावा. मला विचाराल तर थोडं थांबून नवा ३एस घ्या.

सोनीचा व्हीआर२ चित्राला सुरेख आहे, पण घरात सोनीचंच पीएस५ हे गेम खेळायचं यंत्र नसेल तर त्याचा विचार नको. ॲपलचा व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरचा. त्यात इथे बैलजोडी येते.

किंमत ठरली तरी गावचा हिशोब वेगळा राहतो. ३एसची बॅटरी साधारण अडीच तास चालते. लाइन गेली तरी पॉवर बँक खिशात ठेवून तो वापरता येतो. पण कॅमेऱ्यांना उजेड लागतो, अंधाऱ्या खोलीत हेडसेट गोंधळू शकतो. नेट फोनच्या हॉटस्पॉटवर चालतं, मात्र अपडेट कित्येक जीबीचे येतात, ते रात्री लावून ठेवा. जागा साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी हवी. बाज बाहेर काढा आणि छताचा पंखा बघा. आमच्या खोलीत तो इतका खाली आहे की हात वर केला तर पात्याला लागेल. म्हणून मी तो बंद ठेवतो आणि कूलर लांबून लावतो.

ऊन हा सगळ्यात मोठा शत्रू. मार्चमध्ये मी फोन घातलेला डबा ओसरीत बाजेवर उताणा ठेवून चहाला गेलो. भिंगातून ऊन थेट स्क्रीनवर पडलं, आणि परत आलो तर मधोमध वाटाण्याएवढा पिवळा डाग. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, तोच प्रकार. महागातल्या हेडसेटचीही भिंगं तशीच असतात, एकदा जळलेली स्क्रीन परत येत नाही. वापरून झाला की डोळ्यांची बाजू कापडाने झाका आणि पेटीत ठेवा. मे महिन्यात दुपारी तर काढूच नका, तापला की स्वतःच बंद पडतो.

शाळेसाठी किंवा वाचनालयासाठी वर्गणी काढताना नेहमी एक प्रश्न येतो: पंचवीस हजारांहून जास्त देऊन एक घेण्यापेक्षा तेवढ्यात तीस डबे घेतले तर? डबे येतील, पण तीस चांगले फोन कुणाचे? त्यापेक्षा एक ३एस घ्या. तीस पोरं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे अडीच तास, बॅटरी बरोबर तेवढीच. आतलं चित्र दुसऱ्या फोनवर किंवा टीव्हीवर दाखवता येतं, त्यामुळे एकाच्या डोळ्यावर असताना बाकीचे एकोणतीस ओरडून रस्ता सांगतात. आमच्याकडे पोरं वाघ नाही मागत, ताडोबा जवळ आहे. त्यांना समुद्र बघायचा असतो. एका पोराचं झालं की दुसऱ्याला देण्याआधी डोळ्यांभोवतीची गादी पुसून घ्या. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ कशी पसरली ते आठवतं ना? साथ असेल तेव्हा पेटी बंदच ठेवायची.

मेटा दहा वर्षांखालच्या मुलांना खातं देत नाही आणि सोनी बारा वर्षांखाली वापरू नका म्हणते. धाकट्याने कितीही रडून घर डोक्यावर घेतलं तरी हे पाळा.

आणि दुकानात जाल तेव्हा आपला रोजचा चष्मा घालून जा. दोन भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांमधल्या अंतराशी जुळावं लागतं, आणि ३एसची भिंगं तीनच जागी बसतात, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटरवर. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून नेमकं जुळवता येतं. तिन्ही जागी चित्र दुहेरी किंवा धूसर वाटत असेल तर ३एस तुमच्यासाठी नाही. दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवा, मान वळवा, वाका, खाली बसा. दुकानदार घाई करायला लागला तर दुसरं दुकान बघा.