डावा डोळा आणि रेंजफाइंडर: आधी लिव्हर बघा, मग काच

डाव्या डोळ्याने बघणाऱ्याला फिल्म रेंजफाइंडर (बाजूच्या वेगळ्या खिडकीतून बघून, दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) घ्यायची हुक्की आली की एक सल्ला फुकट मिळतो: "तो उजव्या डोळ्यासाठी बनवलेला असतो, सोड." सल्ला अर्धा खरा आहे. व्ह्यूफाइंडरची खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाला असते, त्यामुळे उजवा डोळा लावणाऱ्याचं नाक आणि दुसरा डोळा कॅमेऱ्याबाहेर मोकळे राहतात. आपण डावा डोळा लावला की नाक मागच्या दारावर चेपतं आणि उजव्या डोळ्यासमोर नुसता काळोख.

पण सोडून जायचं कुठे? बहुतेक जण एसएलआरकडे, म्हणजे थेट लेन्समधून बघायच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवतात. तिथे जरा पट्टी घेऊन बसा. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं. एसएलआरची खिडकी मधोमध, म्हणजे डावा डोळा तिथे लावला की उजवा डोळा बरोबर फिल्म सरकवायच्या लिव्हरमागे येतो. निकॉन एफएम२चा लिव्हर तर थोडा बाहेर ओढल्याशिवाय प्रकाश मोजणारा मीटरही जागा होत नाही आणि शटरही दबत नाही. तो बाहेर आलेला तुकडा थेट डोळ्याच्या दिशेने रोखलेला. रेंजफाइंडरमध्ये खिडकी डावीकडे सरकलेली असल्याने उजवा डोळा कॅमेऱ्याच्या मध्याच्या जरासाच पलीकडे राहतो आणि लिव्हर त्याच्याही पलीकडे, कानशिलाकडे जातो. हाताने फिल्म सरकवायची असेल तर डाव्या डोळ्याला एसएलआरपेक्षा रेंजफाइंडरच बरा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बरा म्हणजे निर्धोक नव्हे. माझ्या पहिल्या रेंजफाइंडरवर रोल संपेपर्यंत चष्म्याच्या उजव्या काचेच्या बाहेरच्या कोपऱ्यात अंगठ्याचा तेलकट ठसा उमटलेला असायचा. लिव्हर ओढताना अंगठा गाल आणि कॅमेरा यांच्या फटीतून जातो. फट नसेल तर तो ती करून घेतो. मग हळूहळू सवय लागते: फोटो काढायचा, कॅमेरा बोटभर पुढे करायचा, लिव्हर ओढायचा, परत डोळ्याला लावायचा. एकेक फोटो निवांत काढणाऱ्याला यात काही अडत नाही. रस्त्यावर पाठोपाठ तीन फोटो हवे असतील तर दुसऱ्याची चौकट हमखास हलते.

म्हणून माझं मत असं की डाव्या डोळ्याच्या माणसाने कॅमेरे खिडकीवरून तोलूच नयेत. दोन फोटोंच्या मधे काय होतं त्यावरून तोलावेत.

सगळ्यात जास्त गाजावाजा असतो तो १:१ खिडकीच्या, म्हणजे आहे तेवढंच मोठं दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांचा. कॅनन पी आणि फोग्टलेंडर बेसा आर३ए किंवा आर३एम या जातीचे. दोन्ही डोळे उघडे ठेवले की फोटोत किती येईल ते दाखवणारी चौकट हवेत तरंगल्यासारखी दिसते, असं त्यांचं कौतुक. खरंच दिसते, पण उजव्या डोळ्याने बघणाऱ्याला. आपला मोकळा डोळा कॅमेऱ्याची पाठ बघत असतो. शिवाय नाक चेपल्यामुळे डोळा खिडकीपासून दूर राहतो आणि रुंद चौकटींच्या कडा दिसेनाशा होतात. आर३ची ४० मिमीची चौकट तर चष्मेवाल्यांना एरवीही पुरती दिसत नाही. फोकसही १:१ म्हणून आपोआप जास्त अचूक होत नाही. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांतलं अंतर गुणिले खिडकीतल्या चित्राचा मोठेपणा, हा खरा हिशेब; आकडा मोठा तितका फोकस अचूक. आर३चा तो सुमारे ३७ मिमी भरतो, ०.७२ मोठेपणाच्या लायका एम६चा ५०च्या आसपास आणि ०.९१च्या एम३चा ६२ च्या घरात.

एक अपवाद मात्र आहे आणि तो मला फार आवडतो. कॅमेरा उभा धरताना बहुतेक लोक शटरचं बटण वर ठेवतात. आपण ते खाली ठेवायचं, म्हणजे कॅमेरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. आता खिडकी वरच्या टोकाला, अगदी उजव्या कडेशी येते आणि सगळं धूड डाव्या गालावर जातं. नाक सुटतं, उजवा डोळा सुटतो, लिव्हर हनुवटीच्या बाजूला उतरतो. उजवं कोपर छातीला टेकतं, त्यामुळे हातही स्थिर राहतो. १:१ खिडकीची जी जादू आडव्या कॅमेऱ्यात आपल्याला नाकारली जाते, ती इथे पुरेपूर मिळते. उभ्या चौकटीतली माणसं हाच तुमचा विषय असेल तर आर३ किंवा कॅनन पी बेलाशक घ्या.

बाकीच्यांनी तळाकडे बघावं. कॅनन व्हीटी १९५६ सालचा. त्याच्या बुडाशी घडीचा ट्रिगर आहे, डाव्या हाताच्या बोटांनी ओढला की फिल्म पुढे जाते. अंगठ्याचं कामच संपलं, कॅमेरा डोळ्यावरून हलत नाही. खिडकी बारीक आहे, मीटर नाही, लेन्स आट्याच्या, फिरवून बसवायच्या. जुन्या यंत्राशी जुळवून घ्यायची तयारी हवी. हीच सोय एम६ला लायकाविट, म्हणजे लायकाचा तळाचा ट्रिगर लावून मिळते. तो तळाच्या झाकणाच्या जागी बसतो. कॅमेऱ्याची उंची आणि वजन वाढतं, पण डाव्या डोळ्यासाठी याहून चांगली जोडणी मला माहीत नाही. एम६चा मीटर बटण अर्धं दाबल्यावर जागा होतो, त्यामुळे वरचा लिव्हर अंगाशी मिटून ठेवता येतो आणि विसरूनही जाता येतो. एम३ला मात्र ही वाट सरळ नाही, आणि त्याच्या खिडकीची धातूची कड चष्म्याला ओरखडे पाडते ते वेगळंच. बेसा-टी आणि आर२साठीही असा तळाचा ट्रिगर निघाला होता. आर२ची खिडकी ०.७ची, म्हणजे ३५ मिमीची चौकट नाक सांभाळूनही दिसते.

कोनिका हेक्सार आरएफ (१९९९) हा प्रश्न मोटरने मिटवतो. लिव्हरच नाही, बटण दाबा, फिल्म सरकते. शटर १/४००० सेकंदापर्यंत, लेन्सचा माउंट लायका एमशी जुळणारा, खिडकी ०.६ची. डोळा थोडा लांब राहिला तरी चौकटींच्या कडा दिसतात, हा आपल्यासाठी मोठा फायदा. त्याबदली फोकसची अचूकता थोडी उतरते; ९० मिमीची लेन्स पूर्ण उघडून काढणाऱ्याला ते जाणवेल. मोटरचा आवाज होतो, आणि इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर यांत्रिक कॅमेऱ्यासारखं कुणी सहज उघडून दुरुस्त करेल अशी आशा नको. तरी पाठोपाठ फोटो काढायचे असतील, तर मी तळाच्या ट्रिगरनंतर यालाच पुढे ठेवेन.

खिशातला हवा असेल तर ऑलिम्पस एक्सए (१९७९). लिव्हरऐवजी अंगठ्याने फिरवायचं दातेरी चाक आहे, अंगठा जागच्या जागी राहतो. रेंजफाइंडरचा पॅच (खिडकीच्या मधला, दुहेरी प्रतिमा जुळवायचा ठिपका) फिका असतो, पण ३५ मिमी एफ/२.८च्या लेन्सला तेवढं चालून जातं.

उजव्या डोळ्याला शिकवावं का? जमतं काही जणांना. दोन-तीन रोल काढून बघायला हरकत नाही. पण आधी त्या डोळ्याचा नंबर, विशेषतः सिलिंड्रिकल, बरोबर करून घ्या. नाहीतर पॅचमधली दुहेरी रेघ कधी जुळलीच नाही असं वाटत राहतं. मला जमलं नाही. ऐन वेळी कॅमेरा आपोआप डाव्या डोळ्याकडेच जायचा.

विकत घ्यायच्या आधी कॅमेरा हातात मागा. चष्मा असेल तर तो घालून, फिल्मशिवाय, डोळा न हलवता दहा वेळा लिव्हर ओढा, पाच वेळा आडवा आणि पाच वेळा बटण खाली धरून उभा. मग चष्मा काढून उजेडात धरा आणि उजव्या काचेच्या बाहेरच्या कोपऱ्यात काय उमटलंय ते बघा.