स्वादुपिंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया: पोट उघडून, दुर्बिणीने की रोबोटने?

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंची फाइल घेऊन त्यांचा मुलगा गेल्या आठवड्यात आला. हातात दोन सल्ले होते. एका डॉक्टरांनी रोबोट सुचवला होता, दुसऱ्यांनी पोट उघडून. "यातलं चांगलं कोणतं?" मी त्याला आधी सी. टी. स्कॅनचा रिपोर्ट काढायला लावला. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात आहे की शेपटीत, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

गाठ शेपटीकडे असेल तर मी बिनधास्त दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या बाजूने आहे. तिथे भाग कापून कडा बंद करायची असते, आतडं जोडायचं नसतं. नेदरलँड्समधल्या २०१९च्या अभ्यासात असे रुग्ण साधारण ४ दिवसांत स्वतःचं स्वतः करू लागले, पोट उघडलेल्यांना ६ दिवस लागले. २०२३च्या युरोपीय चाचणीत कॅन्सर कडेपर्यंत नीट काढण्यातही छोट्या छिद्रांची पद्धत मागे पडली नाही. यात प्लीहाही बहुतेक वेळा काढावी लागते, म्हणून शस्त्रक्रियेच्या दोनेक आठवडे आधीच लसी घ्यायच्या असतात. हे आवर्जून विचारा.

काकूंची गाठ मात्र डोक्यात आहे. म्हणजे व्हिपल नावाची शस्त्रक्रिया. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढायचा, आणि मग स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर पुन्हा आतड्याला जोडायचं. खरी भीती स्वादुपिंडाच्या जोडाची: तिथून रस गळला की तो आजूबाजूचं पोखरतो, रक्तस्राव होऊ शकतो. पोटावरची जखम लहान की मोठी, हा यापुढे गौण मुद्दा.

इथे दुर्बिणीचे आकडे दोन्हीकडे बोलतात. कोइम्बतूरच्या अनुभवी चमूने २०१७ साली ६४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली, त्यात दुर्बिणीवाले ७ दिवसांत घरी गेले, उघड्या शस्त्रक्रियेचे १३ दिवसांत. उलट नेदरलँड्समधली व्हिपलची चाचणी मध्येच थांबवावी लागली: ९० दिवसांत गुंतागुंतीमुळे दुर्बिणीच्या ५० पैकी ५ रुग्ण दगावले, उघड्याच्या ४९ पैकी १. माझ्या मते यातून कळतं ते एवढंच, की हत्यारापेक्षा हात मोठा.

दुर्बिणीची हत्यारं ताठ असतात, या अडचणीवर रोबोट इलाज आहे. त्याची हत्यारं मनगटासारखी वळतात, चित्र त्रिमितीय दिसतं, हाताची थरथर गाळली जाते. स्वादुपिंडातल्या काही मिलिमीटरच्या नळीला टाके घालताना याचा उपयोग होतो. पण काम कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाशी, बसलेला सर्जनच करतो, आणि स्पर्शाची जाण बरीचशी जाते. वेळ जास्त लागतो, खर्चही. विमा असेल तर रोबोटसाठी वेगळी मर्यादा आहे का, ते आधीच लेखी घ्या. गाठ मोठ्या शिरेला चिकटली असेल तर मी स्वतः उघड्या शस्त्रक्रियेलाच होकार देईन.

अंतराचाही विचार करा. बडोद्याहून अहमदाबाद ११० किलोमीटर, मुंबई साधारण ४००. गळती किंवा रक्तस्राव डिस्चार्जनंतरही होऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रिया बाहेरगावी केली तर पहिले काही आठवडे तिथेच खोली घेऊन राहा. केमो नंतर बडोद्यात घेता येते, आणि ती वेळेवर सुरू होण्याइतपत ताकद येणं फार महत्त्वाचं.

मुलाने सर्जनना विचारायचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतले. गेल्या वर्षी तुम्ही व्हिपल किती केल्या? (आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१९ साली दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या व्हिपलसाठी केंद्राला वर्षाला किमान २०चा आकडा सुचवला आहे.) त्यातल्या रोबोटने किती? किती जणांना गळती झाली? आणि सगळ्यात शेवटचा, त्याने दोनदा अधोरेखित केलेला: रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला, तर रक्तवाहिनीत बारीक नळी घालून तो थांबवणारा डॉक्टर इमारतीत असतो का?