आर१५ व्ही४ : आठ महिने, ७,२०० किलोमीटर

दसऱ्याला घेतलेली यामाहा आर१५ व्ही४ आता ७,२०० किलोमीटर फिरली आहे. नाशिकमध्ये रोज पंचवटी ते अंबड एमआयडीसी जाणं-येणं, आणि महिन्यातले दोन-तीन रविवार पेठ रोड, वणी नाहीतर त्र्यंबक. याआधी सहा वर्षं मी फक्त ॲक्टिव्हा चालवली होती. गिअरची गाडी म्हणजे पप्पांची स्प्लेंडर, तीही आमच्या गल्लीपुरती. उंची पाच फूट तीन इंच. हे सगळं आधीच सांगते, कारण लिहिणाऱ्याची उंची आणि आधीची सवय माहीत नसेल तर स्पोर्ट बाइकचा कुठलाही अनुभव वाचून निम्माच उपयोग होतो. मी गाडी शोधत होते तेव्हा जे व्हिडिओ बघितले, ते करणारे जवळपास सगळे उंचेपुरे आणि दहा-दहा वर्षं गाड्या चालवलेले होते. त्यांना जी गाडी ‘बिगिनरसाठी एकदम सोपी’ वाटत होती, तिच्यावर बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकतच नव्हते.

माझ्या यादीत चार गाड्या होत्या. आर१५, केटीएमची आरसी २००, सुझुकीची जिक्सर एसएफ २५० आणि मनातली अपाचे आरआर ३१०. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि दसऱ्याच्या तोंडावर सगळ्यांचेच हिशेब बदलले. पैसे वाचताना दिसले की लगेच एक पायरी वरची गाडी खुणावते. माझंही तेच झालं. आठवडाभर मी आरआर ३१० शिवाय दुसरं काही बघत नव्हते. तिच्यापासून मागे फिरले ते वजनामुळे. ती १७४ किलोची, आर१५ १४२ किलोची. ॲक्टिव्हा साधारण १०५ किलोची असते, म्हणजे आर१५ सुद्धा माझ्या सवयीपेक्षा सदतीसेक किलोने जड होती. चालत्या गाडीचं वजन कळत नाही हे खरं आहे. पण आमच्या गल्लीत रोज सकाळी गाडी मागे ढकलत बाहेर काढावी लागते, आणि तिथे प्रत्येक किलो कळतो.

सीटच्या उंचीचा आकडा मात्र फसवा निघाला. कागदावर आर१५ ची सीट ८१५ मिलिमीटर, जिक्सर एसएफ २५० ची ८००. मग जिक्सरच सोपी असणार असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात आर१५ ची सीट पुढच्या बाजूला इतकी निमुळती आहे की टाकीला चिकटून बसलं की मांड्या फार फाकत नाहीत आणि दोन्ही पायांचे चवडे टेकतात. आरसी २०० वर (तिची सीट आणखी उंच) मला एकाच पायावर तोल धरावा लागत होता. म्हणून आकडा वाचून ठरवू नका. जे बूट घालून चालवणार आहात तेच घालून जा आणि गाडीवर किमान दहा मिनिटं बसा. स्टँड काढा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, गाडी पायाने मागे ढकला. एका शोरूममध्ये मला बसूच देईनात. ‘मॅडम, तुमच्यासाठी स्कूटरच बरी, सरांना पाठवा’ असं तोंडावर सांगितलं. सोबत पप्पा होते. ते शांतपणे म्हणाले, ‘गाडी तिला घ्यायची आहे, तिच्याशी बोला.’ आम्ही तिथून निघालो. पैसे मोजणाऱ्या माणसाला गाडीवर दहा मिनिटं बसू न देणाऱ्या दुकानात परत जाऊ नये, एवढंच मी म्हणेन.

ऑन रोड किंमत दोन लाखांच्या पुढे गेली. त्याशिवाय वीस हजार मी पहिल्या दिवसापासून वेगळे काढून ठेवले होते. त्यात आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट, हातमोजे, जॅकेट, गुडघ्यांचे गार्ड आणि घोटा झाकणारे बूट आले. गाडी थोडी स्वस्तातली घ्या, रंग आवडता नसला तरी चालवून घ्या, पण हे पैसे गाडीच्या किमतीत ढकलू नका. क्विकशिफ्टरवाली (क्लच न दाबता गिअर बदलता येणारी) आवृत्ती मी मुद्दाम घेतली नाही. आधी क्लच आणि गिअरचा मेळ हाताला बसायला हवा होता. आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

आता इंजिनबद्दल, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न ‘१५५ सीसी पुरतं का’ हाच असतो. ताकद १८.४ पीएस, तेही १०,००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे घेत असताना. म्हणजे ताकद वरच्या टोकाला आहे. खालच्या आरपीएमला ही गाडी शांत चालते, द्वारका सर्कलच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर विनातक्रार रांगते. ७,४०० आरपीएमला व्हीव्हीए, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, सुरू होते. इनटेक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचे दोन आकार आहेत, एक कमी उघडणारा आणि एक जास्त. त्या ठरलेल्या आरपीएमला एक पिन सरकते आणि मोठा कॅम कामाला लागतो. मीटरवर ‘व्हीव्हीए’ अक्षरं उजळतात आणि आवाजाचा पोत बदलतो. पहिल्या महिन्यात मला ती अक्षरं फारशी दिसलीच नाहीत, कारण पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत इंजिन ताणायचं नव्हतं. तो महिना सक्तीचा होता, पण माझ्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा ठरला. ॲक्टिव्हावर हात फक्त रेस पिळायला शिकलेला असतो. इथे कुठल्या वेगाला कुठला गिअर, कधी एक खाली टाकायचा, उतारावर इंजिनाने गाडी कशी धरून ठेवायची, हे सगळं सावकाश शिकायला मिळालं.

नव्या माणसाने छोटं इंजिन का घ्यावं याचं माझं कारण वेगापेक्षा वेगळं आहे. सावळघाटात चुकीच्या गिअरवर वळणात शिरलं की ही गाडी लगेच मलूल पडते, चढ ओढत नाही. बरोबर गिअर असेल तर सरसर निघते. म्हणजे चूक झाली की तिथल्या तिथे कळतं, आणि ती चूक महागात पडत नाही. मोठ्या गाडीत तीच चूक टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, झाकून टाकतो. डिसेंबरपर्यंत मी पेठ रोडला सात-आठ फेऱ्या मारल्या असतील. तेच घाट, तीच वळणं. सुरुवातीला वळण आलं की माझी नजर पुढच्या चाकासमोरच्या डांबरावर खिळायची, आणि गाडी जणू मुद्दाम रस्त्याच्या कडेकडे जायची. वळण जिथे संपतं तिथे बघायला लागले तशी गाडी आपोआप तिकडे जायला लागली. डावीकडे वळायचं तर डाव्या हँडलला पुढे हलका रेटा द्यायचा, ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते. पण एकदा हाताने अनुभवली की विसरता येत नाही. आर१५ ची डेल्टाबॉक्स चासी (गाडीचा सांगाडा) या बाबतीत फार गुणी आहे. एकदा रेषा धरली की गाडी ती सोडत नाही, मध्येच डगमगत नाही.

हातांचं दुखणं सगळेच विचारतात. क्लिप-ऑन (दोन वेगळ्या तुकड्यांचं) हँडल खाली आहे, फुटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) मागे आहेत, त्यामुळे या प्रकारच्या कुठल्याही गाडीवर अंग पुढे झुकतंच. पहिले तीन आठवडे माझी मनगटं आणि मान इतकी आखडायची की ऑफिसात माउस धरवत नव्हता. मग आमच्या मेंटेनन्समधल्या एका दादांनी पार्किंगमध्येच मला गाडीवर बसवलं आणि म्हणाले, ‘ताई, हँडलला लोंबकळू नका. टाकी गुडघ्यांत घट्ट धरा आणि आता हँडल सोडून दाखवा.’ हँडल सोडताच मी पुढे पडत होते. पोट आणि मांड्यांवर भार घेतल्यावर पडणं थांबलं. रोज सिग्नलला तेवढंच करून बघायचे, कोपर सैल आहेत ना. महिन्याभरात मनगटांचं दुखणं गेलं. मानेला मात्र अजूनही शंभर किलोमीटरनंतर थांबावं लागतं. पाठीचा त्रास आधीपासून असेल तर ही गाडी घेण्याआधी खरंच विचार करा.

ब्रेकबद्दल एक प्रसंग सांगायलाच हवा. फेब्रुवारीतली संध्याकाळ, द्राक्षांचा हंगाम, मी दिंडोरी रोडवरून परत येत होते. अंधार पडायला लागला होता. वेग साठच्या आसपास. उजवीकडच्या बागेच्या कच्च्या वाटेवरून क्रेटनी भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर आला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मी दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले. उजव्या हाताच्या बोटांखाली लिव्हर टक-टक-टक करत मागे ढकलायला लागलं, पायाखालचं पेडलही थरथरलं, पण गाडी सरळ राहिली आणि ट्रॉलीच्या फळीपासून दोनेक हात अंतरावर थांबली. निळ्या क्रेटच्या जाळीतून बाहेर आलेला एक देठ हेल्मेटच्या काचेसमोर हलत होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. चाक लॉक झालं असतं तर मी त्या ट्रॉलीखाली असते. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (कडक ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे, पण काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. पहिली गाडी घेताना ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांना, आहे का ते नक्की बघा. आणि असलं तरी त्याची सवय करा. त्या संध्याकाळनंतर मी सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर जाऊन चाळीस, पन्नास, साठच्या वेगाला मुद्दाम कडक ब्रेक मारून सराव केला. लिव्हर हातात थरथरलं की नवा माणूस घाबरून बोटं सैल करतो. नेमकं तेव्हाच सोडायचं नसतं.

गाडी एकदा पडलीही. घेतल्यावर चौथ्या आठवड्यात, गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो तिथे, पार्किंगच्या बारीक खडीत. चालण्याच्या वेगात वळताना हँडल पूर्ण वळलेलं होतं आणि मी पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक तिथेच दुमडलं आणि १४२ किलो उजवीकडे गेले. मला काही झालं नाही, ब्रेकचं लिव्हर वाकलं आणि फेअरिंगवर (गाडीच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर) वीतभर ओरखडा आला. तो मी ठेवला आहे. हँडल वळलेलं असताना आणि वेग अगदी कमी असताना फक्त मागचा ब्रेक वापरायचा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिते. यू टर्नला जागा जास्त लागते हेही लक्षात ठेवा. ॲक्टिव्हा जिथे एका दमात वळायची तिथे ही दोनदा मागे-पुढे करावी लागते. पंचवटीतल्या बोळांत मी आता आधीच वळायची जागा हेरून ठेवते.

बाकी थोडक्यात. ॲव्हरेज मला ४४ ते ४८ मिळतं, टाकी ११ लिटरची, म्हणजे सापुताऱ्याला जाऊन-येऊन पेट्रोल उरतं. मार्चपासून मुंबई नाक्याच्या सिग्नलला रेडिएटरचा फॅन सुरू झाला की मांड्यांना गरम हवा लागते. फेअरिंगच्या गाडीत तेवढं धरून चालायचं. मागची सीट उंच आणि अरुंद आहे. आई एकदा काळाराम मंदिरापर्यंत बसली, उतरल्यावर म्हणाली, ‘बाई, मी आपली रिक्षाने येईन.’ घरच्यांना रोज मागे बसवायचं असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, हे स्पष्टच सांगते. चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करून ल्युब लावते, पावसात भिजली तर त्याच दिवशी. सर्व्हिसिंगला एकदा चेन इतकी ताणून दिली होती की गाडी खड्ड्यात कण्हत होती. परत नेऊन समोर उभं राहून सैल करून घेतली. तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना चेन स्वतः बोटाने वर-खाली करून बघते.

स्लिपर क्लचचा (गिअर घाईत खाली टाकला तरी मागचं चाक अडकू न देणाऱ्या क्लचचा) खरा उपयोग गेल्या आठवड्यात कळला. पहिला जोराचा पाऊस, नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट उतरत होते, रस्त्यावर ओली माती वाहून आलेली. वळणाआधी घाईत तिसऱ्यावरून दुसरा टाकला. जानेवारीत पप्पांच्या स्प्लेंडरवर कोरड्या रस्त्यावर असंच केलं होतं तेव्हा मागचं चाक किंचाळलं होतं. इथे मागचं चाक फक्त जरासं जड झालं आणि गाडी वळणात शिरली. खाली नांदुरीत टपरीवर थांबले, हात कोरडे केले, पप्पांना फोन करून सांगितलं की उतरले नीट. ते म्हणाले, ‘चहा घे, आणि पाऊस थांबल्याशिवाय निघू नकोस.’ पाऊण तास थांबले.