वीण घेण्याच्या टाकीसाठी दुहेरी स्पंज फिल्टर: दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

गोड्या पाण्यातले उष्णकटिबंधीय मासे नुसते पाळणे आणि त्यांची वीण घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला हात घातला की फिल्टरकडून असलेल्या आपल्या अपेक्षाही बदलतात. शोभेच्या टाकीत पाणी नितळ दिसावे एवढीच बहुतेकांची मागणी असते. वीण घेण्याच्या टाकीत मात्र, फिल्टर पिल्लांना ओढून तर घेणार नाही ना, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. हवेवर चालणारा दुहेरी स्पंज फिल्टर मी एंजलफिश, कॉरिडोरास आणि फायटर यांच्या पिल्लांच्या टाक्यांत दीर्घकाळ वापरला आहे. पिल्ले वाढवण्यासाठी याहून चांगले साधन मला आढळलेले नाही, मात्र त्याच्या काही उणिवा विकत घेण्याआधी ठाऊक असलेल्या बऱ्या.

याची रचना अगदी साधी आहे. खाली जड बूड किंवा काचेला चिकटणारा रबरी चोषक, त्यावर दोन बाजूंना जाळीदार नळीवर बसवलेले दोन नळकांडी स्पंज, मधून वर जाणारी उभी नळी आणि त्या नळीत हवा सोडण्यासाठी एअर पंपाची बारीक नळी, एवढाच हा सारा संसार. उभ्या नळीत बुडबुडे मिसळले की तिच्यातले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते आणि वर चढते. त्याची जागा घेण्यासाठी टाकीतले पाणी स्पंजाच्या छिद्रांतून आत येते. पाण्यात फिरणारा एकही भाग नसल्यामुळे पिल्लू सापडून मरेल अशी जागाच या उपकरणात नाही. शिवाय स्पंजाच्या सगळ्या पृष्ठभागावरून थोडे थोडे पाणी आत जात असल्याने ओढ कोणत्याही एका ठिकाणी एकवटत नाही. मोटरच्या फिल्टरच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज बांधून हेच साधण्याचा प्रयत्न अनेक जण करतात, पण ती जाळी तुंबली की उरलेल्या मोकळ्या भागातली ओढ वाढते आणि नेमके अशक्त पिल्लूच तिथे चिकटते.

फिल्टरचे खरे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया बाहेर पडतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि सच्छिद्र स्पंज त्यांना मुबलक पृष्ठभाग व प्राणवायू एकाच वेळी देतो. पिल्लांच्या टाकीत याला विशेष महत्त्व आहे, कारण तिथे दिवसातून अनेकदा खाद्य पडते आणि पाणी थोडेच असते. त्यातही पाण्याचा सामू (pH) महत्त्वाचा: 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी, मुक्त स्वरूपात असतो, सामू 8 झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे परीक्षण संचावर सारखाच आकडा दाखवणाऱ्या दोन टाक्यांपैकी एकीत पिल्ले सुखरूप राहतील आणि दुसरीत त्यांचे कल्ले जळतील.

म्हणूनच कोरा स्पंज पिल्लांच्या टाकीत लावून लगेच त्यावर विसंबू नये. जिवाणूंची वसाहत पूर्ण बसायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात, तर एंजलफिशची पिल्ले अंडी घातल्यापासून आठवडाभरातच पोहायला लागतात. तेवढ्या अवधीत नवा फिल्टर तयार होणे शक्यच नाही. दुहेरी स्पंजाचा सर्वांत मोठा लाभ मला इथे दिसतो. हा फिल्टर मुख्य टाकीत आधीपासून चालवत ठेवायचा आणि जोडीने अंडी घातली की त्यातला एक स्पंज ओला असतानाच काढून वीण घेण्याच्या टाकीत हलवायचा. मुख्य टाकीची घडी विस्कटत नाही आणि नव्या टाकीला पहिल्या दिवसापासून चालू जिवाणू मिळतात. मुख्य टाकीत आजार असेल तर मात्र हे अजिबात करू नये, कारण स्पंजाबरोबर रोगजंतूही नव्या टाकीत जातात.

मुरलेल्या स्पंजाकडे भिंगातून पाहिले, तर तो पिल्लांचे कुरण कसा होतो हे कळते. त्याच्या तपकिरी सायीवर सूक्ष्म जीव वाढलेले असतात. कॉरिडोरासची पिल्ले पोट टेकवून त्यावर बसतात आणि तोंडाने छिद्रे चाचपत पुढे सरकतात. एंजलफिशची पिल्ले डोके खाली करून स्पंज टिपत राहतात. पिल्लांना खाऊ घालण्यासाठी उबवल्या जाणाऱ्या आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाच्या नुकत्याच फुटलेल्या अळ्या अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात आणि गोड्या पाण्यात काही तासच जगतात. मोटरच्या फिल्टरात त्या क्षणार्धात दिसेनाशा होतात आणि आत कुजतात. इथे त्यांतल्या पुष्कळशा स्पंजाच्या बाहेरच्या अंगावर अडकतात आणि पिल्ले त्या वेचून खातात. महत्प्रयासाने उबवलेले खाद्य वाया जात नाही, हे पाहून जे समाधान मिळते ते ज्याने अळ्या उबवल्या आहेत त्यालाच कळेल.

आता उणिवांकडे वळतो. छिद्रांचा आकार उत्पादकागणिक बदलतो आणि वेष्टनावर त्याची माहिती बहुधा नसते. अतिबारीक स्पंज पिल्लांसाठी सुरक्षित असला तरी लवकर तुंबतो. फार भरड स्पंजात नवजात पिल्ले आत शिरू शकतात. मध्यम छिद्रांचा, दाबल्यावर लगेच मूळ आकारात येणारा स्पंज निवडावा. रबरी चोषक हा या उपकरणाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. उष्ण पाण्यात तो काही महिन्यांत कडक होतो आणि मग पूर्ण फिल्टर सुटून वर येतो, म्हणून जड बुडाचा प्रकारच घ्यावा. नव्या स्पंजात हवा असल्यामुळे तोही प्रथम तरंगतो. पाण्याखाली धरून तो पुन्हा पुन्हा पिळला की तळाशी बसतो. मोठ्या बुडबुड्यांचा गडगडाट त्रास देत असेल तर उभ्या नळीच्या आत एक लहान एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र खडा) बसवावा; आवाज कमी होतो आणि बारीक बुडबुड्यांमुळे पाणीही अधिक चांगले उचलले जाते.

फायटरच्या विणीत हवेची तोटी जवळजवळ बंदच ठेवावी लागते. नर पृष्ठभागावर फेसाचे घरटे बांधतो, त्यातून निसटलेली अंडी तोंडाने उचलून परत ठेवतो, आणि पृष्ठभाग हलला तर ते घरटे विस्कटते. पिल्ले आडवी पोहू लागली आणि नराला बाजूला काढले की हवा हळूहळू वाढवता येते. ही सूक्ष्म नियंत्रणाची सोय साध्या तोटीने मिळते, आणि मोटरच्या बहुतेक लहान फिल्टरांत ती नसते.

एअर पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) लावणे अनिवार्य समजावे. वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात आणि तिथून जमिनीवर येऊ शकते. त्याच वीजखंडनात या फिल्टरचा एक मोठा गुणही दिसतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप याच नळीला जोडला की हवा आणि गाळण दोन्ही चालू राहतात. बंदिस्त डब्याच्या फिल्टरात मात्र साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात.

स्वच्छतेची एकच पद्धत योग्य आहे: पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात स्पंज हलक्या हाताने पिळावा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते, आणि साबणाचा तर विचारही करू नये. दोन्ही स्पंज एकाच दिवशी धुऊ नयेत. एक धुतला की दुसरा पुढच्या आठवड्यासाठी राखावा. उभ्या नळीतून येणारे पाणी मंदावले की धुण्याची वेळ झाली असे समजावे.

ज्यांना पाणी झगझगीत हवे आहे, त्यांना हा फिल्टर निराश करील. अगदी बारीक तरंगती धूळ तो पूर्णपणे पकडत नाही, कार्बन किंवा अन्य माध्यम भरायला त्यात जागा नाही, आणि लहान टाकीत तो बरीच जागा व्यापतो. मोठ्या, भरपूर खाणाऱ्या सिक्लिड माशांच्या टाकीत केवळ याच्यावर भिस्त ठेवू नये. नायट्रेटही तो काढत नाही, त्यामुळे पाणी बदलण्याचे काम चुकत नाही. पिल्लांच्या टाकीत तर ते थोडे थोडे आणि वारंवारच करावे लागते. स्पंज पिळल्यावर आकार धरीनासा झाला, की दोहोंपैकी एकच बदलावा आणि नवा मुरेपर्यंत जुन्याला हात लावू नये.