बाबांचं सागवानी टेबल आणि दोन मॅट, एक शीट: दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझं कामाचं टेबल बाबांचं आहे. चार फूट बाय दोन फूट, सागवानी, वर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. बाबा शिक्षक होते, सहामाही-वार्षिकचे गठ्ठे त्यांनी याच टेबलावर तपासले. आता ते डोंबिवलीत आमच्या खिडकीपाशी आहे आणि त्यावर मी संक्रांतीला हलव्याचे दागिने, श्रावणात राख्या, गणपतीला पुठ्ठ्याची मखरं आणि दिवाळीला आकाशकंदील करते. म्हणजे वर्षभर कटर, फेविकॉल, रंग, ग्लू गन आणि पाण्याचे पेले. गेल्या जानेवारीत टेबल जपायचं असं मनावर घेऊन तीन वस्तू आणल्या: ए२ मापाची कटिंग मॅट, ए३ मापाची सिलिकॉन मॅट आणि अख्ख्या टेबलावर अंथरायला दोन मिलिमीटर जाडीची पारदर्शक पीव्हीसी (प्लास्टिकची) शीट. नोव्हेंबरपर्यंत तिन्हींचा भरपूर वापर झाला. त्यांतली जी सगळ्यांत निरुपद्रवी वाटली होती तिनंच टेबलाचं सगळ्यांत जास्त नुकसान केलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कटिंग मॅट. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवरून साडेसहाशे रुपयांना घेतली. दुकानदार गुंडाळून रबर लावणार होते, त्यांना थांबवलं आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून लोकलने आणली. ही काळजी घ्याच. एकदा वळलेली मॅट पुन्हा सरळ होताना फार छळते.

मॅट ‘आपोआप भरून येते’ असं सांगतात, ते खरं आहे, पण कसं ते समजून घेतलं तर ती जास्त टिकते. मऊ पीव्हीसीत पातं शिरतं तेव्हा ते पीव्हीसी नुसतं बाजूला सरकतं. त्यातला तुकडा निघून जात नाही. पातं वर आलं की दोन्ही कडा परत जवळ येतात आणि चीर मिटते. म्हणजे पातं धारदार आणि उभं असेल तरच हे जमतं. बोथट पातं चिरत नाही, ओरबाडतं, आणि ओरबाडून निघालेला कण परत येत नाही. तिरकं पातं धरलं तर पृष्ठभागाची पातळ साल सुटते, ती कधीच बसत नाही. माझ्या मॅटवर अशा तीन साली आहेत. तिन्ही मखराच्या कमानी कापताना मनगट कलल्यामुळे आलेल्या.

२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरं पुठ्ठ्यावर आली. थर्माकोल गरम तारेनं लोण्यासारखा कापला जायचा, पुठ्ठा मात्र कटरनंच कापावा लागतो, तोही एकाच रेघेवरून तीन-चार वेळा. मॅटची खरी परीक्षा इथे झाली. पहिल्या सात महिन्यांत दागिन्यांचे साचे आणि राख्यांचे गोल कापून तिच्यावर जेमतेम ओरखडे होते. ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांत मधोमध एक खोबण पडली. कारण माझी सवय. प्रत्येक पट्टी तीस सेंटिमीटरच्या छापील रेघेवरच ठेवून कापत होते. आता त्या खोबणीत पातं आपसूक घसरतं आणि पट्टी वाकडी निघते. जागा बदलत कापलं असतं तर हे टळलं असतं.

पात्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मॅटचं आयुष्य मॅटपेक्षा पात्यावर अवलंबून आहे. टोक मोडून नवी धार मिळणारं पातं १९५६ मध्ये जपानात ओसाकाला योशिओ ओकादा यांनी तयार केलं. ते छापखान्याच्या कामात होते, दिवसभर कागद कापायचे. चॉकलेटच्या वडीवर असतात तशा मोडायच्या रेषा पात्यावर पाडल्या तर बोथट झालेलं तेवढं टोक टाकून देता येईल, असं त्यांना सुचलं. इतकी सुंदर युक्ती हातात असून आपण टोक मोडायला कंजूषपणा करतो! मी आता मखराच्या कामात दर दोन पुठ्ठ्यांमागे टोक मोडते. नऊ मिलिमीटरचं पातं नाजूक कामाला, अठराचं पुठ्ठ्याला. मोडलेली टोकं औषधाच्या जुन्या झाकणबंद डबीत टाकायची, कचऱ्यात सुटी कधीच नाही. कचरा उचलणाऱ्या बाईंचा हात असतो तिथे.

मॅटला उष्णता अजिबात सोसत नाही. एप्रिलमध्ये धुऊन गॅलरीत उन्हाला टेकवून ठेवली आणि विसरले. दुपारी बघते तर होडीसारखी वाकलेली. सपाट लाद्यांवर ठेवून वर डिक्शनऱ्या आणि पाटा ठेवला, आठवड्यानं बरीच उतरली, तरी एक कोपरा अजून चार मिलिमीटर वर आहे. चहाचा गरम कप, इस्त्री, ग्लू गन यांतलं काहीही तिच्यावर नको. धुवायला कोमट पाणी, भांडी घासायचं पातळ साबण-द्रव आणि जुना मऊ टूथब्रश. चिरांमध्ये अडकलेले पुठ्ठ्याचे तंतू ब्रशनं गोल गोल फिरवून निघतात. तंतू तसेच राहिले तर चीर मिटणार कशी? सावलीत, आडवी ठेवून वाळवा. काम नसताना माझी दिवाणाखाली सपाट पडून असते.

फेविकॉल तिच्यावर सांडला तर वाळू द्या, मग नखानं साल काढल्यासारखा निघतो. फेविक्विक मात्र निघत नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव लावून बघू नका, त्यानं मॅट विरघळते. माझ्या उजव्या कोपऱ्यात बोटाएवढा खरबरीत डाग आहे तो त्या प्रयोगाचा.

आणि एक तक्रार. मॅटवरच्या छापील चौकटी बरोबर असतील असं मी गृहीत धरलं. चाळीस सेंटिमीटरला एक मिलिमीटरचा फरक निघाला. राखीला तो कळतही नाही, मखराच्या खांबांना आणि छताला कळतो. घेतल्या घेतल्या स्टीलची पट्टी लावून उभं-आडवं दोन्ही मोजा.

सिलिकॉन मॅटबद्दल थोडक्यात, कारण तिनं कधी त्रासच दिला नाही. ग्लू गनचा डिंक साधारण १२० अंशांपासून, मोठ्या गनमध्ये १९० अंशांच्या आसपास बाहेर पडतो. सिलिकॉन तेवढं सहज सोसतं आणि थंड झालेला थेंब टिकलीसारखा उचलून येतो. राखीचे मणी-खडे चिकटवताना मागून ओघळलेला डिंक टेबलावर जायचा, तो प्रश्न संपला. रेझिनची (साच्यात ओतलं की कडक होणारं द्रव) दोन-चार पदकं केली, तेही सांडलेलं दुसऱ्या दिवशी अखंड सोलून निघालं. हिच्यावर कापायचं मात्र नाही. सिलिकॉनला पडलेली चीर मिटत नाही, उलट वाढत जाऊन मॅट फाटते. धूळ, केस, कापसाचे तंतू हिच्यावर बसतात. रेझिन ओतण्यापूर्वी साबणानं धुऊन कोरडी केली नाही तर ते सगळं पदकाच्या पाठीला चिकटतं.

आता पारदर्शक शीट. दुकानात ती काचेसारखी स्वच्छ दिसली होती. टेबलाच्या मापानं कापून आणली, अंथरली, खालून सागाचे रेषे दिसत होते, मला फार आनंद झाला. रंग सांडला, पुसला. हलव्याची साखर पडली, ओल्या फडक्यानं पुसली. खळीचा वाडगा कलंडला तरी चिंता नाही (कंदिलाला मी अजून मैद्याची खळच वापरते, पतंगी कागद तिनं सुरेख बसतो, फक्त त्याच रात्री पुसलं नाही तर मुंग्या हजर). जूनपर्यंत मी मैत्रिणींना हीच शीट घ्या म्हणून सांगत होते.

जुलैच्या शेवटी राख्यांचं सामान काढताना शीटचा कोपरा उचलला तर ती उचलेना. चिकटली होती. हळूहळू सोलली तसा चर्र आवाज येत गेला. खाली पॉलिशवर दुधाळ पांढरे ढग आले होते आणि मधल्या पट्ट्यात, जिथे कटिंग मॅटचं आणि माझ्या कोपरांचं वजन यायचं तिथे, पॉलिश मऊ होऊन त्यावर शीटचा ठसा उमटला होता. बोट लावलं तर चिकट. त्या क्षणी बाबांची फार आठवण आली. ते या टेबलावर पाण्याचा तांब्यासुद्धा बशीशिवाय ठेवू देत नसत.

पॉलिशवाले काका आले. त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, “ताई, लाकूड शाबूत आहे. गेलंय ते पॉलिश.” मग समजावून सांगितलं ते असं. पांढरे ढग ओलाव्याचे. पावसाळी हवेतला दमटपणा शीटखाली शिरला आणि अडकला, चपड्याला पाणी लागलं की तो पांढुरका होतो. ते त्यांनी कापडाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन हलक्या हातानं काढले. चिकटपणाचं कारण वेगळं. पीव्हीसी मुळात कडक, त्याला मऊपणा यावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घातलेलं असतं. दाबाखाली महिनोन्‌महिने राहिलं की ते हळूहळू बाहेर येऊन पॉलिशमध्ये शिरतं आणि त्याला मऊ करतं. तेवढा भाग घासून, चपडा-स्पिरिटचे हात पुन्हा द्यावे लागले. तीन दिवस काम आणि अठ्ठावीसशे रुपये. शीट साडेसातशेची होती.

मला नंतर आठवलं ते असं, की हे घरात आधी घडलेलं होतं. बाबांच्या काळी या टेबलावर काच होती आणि काचेखाली आमचे फोटो, वेळापत्रक, गॅसच्या पावत्या. एका पावसाळ्यानंतर माझा पहिलीतला फोटो काचेला चिकटला तो कायमचा. आईनं काढायचा प्रयत्न केला तेव्हा चेहऱ्याचा अर्धा भाग काचेवर राहिला. दमट हवा, दोन सपाट पृष्ठभाग आणि मध्ये वारा खेळायला जागा नाही, हे तिथेही होतं, इथेही होतं. मी टेबल वरून येणाऱ्या रंगापासून वाचवत होते आणि खाली काय चाललंय हे सहा महिने उचलून पाहिलं नाही.

लक्षात घ्या, कटिंग मॅटही मऊ पीव्हीसीचीच असते. उघड्या पॉलिशवर तीसुद्धा कायमची टाकून ठेवायची नाही. काम झालं की उचलायची. ज्यांच्या टेबलाला सनमायका आहे त्यांनी एवढं घाबरायचं कारण नाही. हे दुखणं पॉलिशचं, त्यातही जुन्या चपडा पॉलिशचं.

पुन्हा काच टाकावी का, हा विचार केला आणि सोडला. काचेवरचा वाळलेला रंग पात्यानं खरवडून निघतो, उष्णतेचीही फारशी भीती नाही. पण कापायला ती वाईट, पात्याचं टोक दोन रेघांत जातं आणि पुठ्ठा सरकतो. मेणकापड रंगकामाला उत्तम आहे, पोस्टर रंग आणि ॲक्रिलिक दोन्हीसाठी मी तेच अंथरते आणि संध्याकाळी काढून दोरीवर टाकते. रद्दीवर माझा राग आहे. शाई पांढऱ्या कार्डाला लागते आणि फेविकॉल झिरपून कागद टेबलालाच चिकटतो. भोकं पाडायला, हातोडीनं रिंगा ठोकायला, कंदिलाच्या कामट्या तासायला मॅट नको, शीट नको, जमिनीवर जुना लाकडी पाट घ्यावा. आमच्याकडे आजीच्या वेळचा एक पाय मोडका पाट आहे, गेली दहा वर्षं तो सगळे घाव सोसतो आहे.

ऑगस्टपासून जी व्यवस्था केली आहे ती अशी. सुताराकडून चार बाय दोनचा सहा मिलिमीटर प्लायवुडचा फळा करून घेतला, दोन्ही बाजूंना सनमायका. एकाच बाजूला लावला तर फळा वाकतो असं सुतारानंच सांगितलं आणि दुसऱ्या बाजूचे पैसे वाचवायचा माझा विचार मोडला. पुढच्या कडेला खाली अर्ध्या इंचाची पट्टी आहे, त्यामुळे तो मागे सरकत नाही. फळा आणि टेबल यांच्यामध्ये जाड सुती सतरंजी. सांडलं ते फळ्यावर, दाब आला तो फळ्यावर, आणि खाली पॉलिशला फक्त सूत लागतं. फळ्यावरचा फेविक्विकचा थेंब कापसावर नेलपॉलिश काढायचं द्रव घेऊन खिडकी उघडी ठेवून पुसला तर निघतो. कटिंग मॅट आणि सिलिकॉन मॅट कामाप्रमाणे वर येतात आणि जातात. फळा, सतरंजी मिळून बावीसशे रुपये पडले.

दर रविवारी फळा भिंतीला उभा करते, सतरंजी झटकून गॅलरीत टाकते आणि टेबल कोरड्या फडक्यानं पुसून दुपारपर्यंत उघडं ठेवते. ऑक्टोबरमध्ये कंदिलांच्या घाईत दोन रविवार चुकले. दुसऱ्यानंतर रात्री अकराला उठून फळा काढला, तेव्हा झोप लागली. खाली काही झालं नव्हतं.

आता नव्यानं घ्यायचं असेल तर मी पारदर्शक शीट घेणार नाही. सिलिकॉनची मॅट हीच घेईन. कटिंग मॅट ए२ ऐवजी ए१ घेईन. ए१ची रुंदी ५९४ मिलिमीटर, टेबलाची खोली दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर, अगदी नेमकी बसते आणि मखराची लांब पट्टी एका दमात कापता येते. ए२वर तीच पट्टी दोनदा सरकवावी लागते आणि तिथेच चूक होते. तोवर खोबण पडलेली मॅट उलटी करून वापरणार आहे. मागच्या बाजूच्या चौकटी इंचांच्या आहेत, ती अजून कोरी आहे, फक्त वर आलेला कोपरा आता खाली येईल. हलव्याच्या मुकुटाचे पुठ्ठे पुढच्या आठवड्यात तिच्यावर कापायचे आहेत.