जोडीने मांडायचं की वेगवेगळं?

मैत्रिणीने शोकेसचा फोटो पाठवला: मधे घड्याळ ठेवून दोन्ही बाजूंना सारख्या फुलदाण्या, की सगळं निरनिराळं?

जोडीची मांडणी मोजपट्टी घेतली की दहा मिनिटांत जमते आणि लगेच नजरेत भरते. पण प्रत्येक वस्तू दोनदा घ्यावी लागते, एक फुटली की दुसरी पोरकी. धूळ पुसताना एखादी वस्तू दोन बोटं सरकली तरी खटकतं.

निरनिराळ्या वस्तूंना वेळ द्यावा लागतो. इथे आकारापेक्षा नजरेला जाणवणारं वजन महत्त्वाचं: लहानशी काळी मूर्ती मोठ्या पांढऱ्या फुलदाणीला सहज तोलून धरते. उंच वस्तू मधे नको, एका कडेला; तिच्यालगत उतरत्या उंचीच्या दोन. 3 किंवा 5चा गट मला सर्वांत आवडतो. मी फोटो काढून कृष्णधवल करते, कुठली बाजू जड झाली ते चटकन दिसतं. खर्च जवळपास नाहीच, घरातलंच चालतं.

पलंगाच्या दोन बाजू किंवा नीटनेटकी बैठकीची खोली असेल तर जोडी घ्या. प्रवासातून आणलेल्या एकेकट्या वस्तू असतील, त्यात भर पडत राहणार असेल, तर दुसरी पद्धत. मैत्रिणीला मी तीच सुचवली.