महिनोन्महिने ‘द व्हेलगार्ड’ खेळल्यावर: गेम उत्तम चालतो, पण बायोवेअर कुठे गेली?

‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ ३१ ऑक्टोबर २०२४ ला आला तेव्हा पूर्ण किमतीत घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. पुढे सेल लागला तेव्हा घेतला. एकदा शेवटपर्यंत खेळून झालाय, दुसऱ्यांदा वेगळं पात्र घेऊन अर्ध्याच्या पुढे आलोय. आल्या आल्या लिहिलेली परीक्षणं ढीगभर आहेत, आणि त्यांत ग्राफिक्स आणि मारामारीच जास्त. गेम इतके महिने सोबत राहिल्यावर मनात काय उरतं, ते मला सांगायचंय. ‘ड्रॅगन एज’ मालिकेतल्या पहिल्या ‘ओरिजिन्स’पासून, हे गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीचा प्रत्येक गेम मी जीव लावून खेळलोय, त्यामुळे हे लिहिताना तटस्थ राहणं मला जमणार नाही.

आधी चांगलं. माझा लॅपटॉप आरटीएक्स ३०६० वाला आहे, १६ जीबी रॅम. १०० जीबी जागा एसएसडीवर मोकळी करावी लागते, पण एकदा बसवला की हा गेम त्रास म्हणून देत नाही. घोडबंदर रोडला आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते आणि लॅपटॉपची बॅटरी गेमपुढे फार टिकत नाही. ऑटोसेव्ह इतका जागरूक आहे की त्यातही खेळलेलं कधी वाया गेलं नाही. स्टीमवर घेतला तर बायोवेअरची मालक कंपनी ईए, तिचं वेगळं ॲप लागत नाही. केसांचं काम तर बघत राहावं असं आहे. आणि ज्याचं कौतुक फार कमी लोकांनी केलं ती गोष्ट म्हणजे डिफिकल्टी: शत्रूचा वार अडवायला किती वेळ मिळावा, शत्रूची ताकद किती असावी, नेम धरायला किती मदत हवी, सगळं वेगवेगळं ठरवता येतं. ऐरोलीच्या ऑफिसातून ठाण्याला परतून रात्री जेवणं उरकल्यावर तासभर खेळणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

मारामारी वेगवान आहे. सोबत दोनच साथीदार, त्यांना स्वतः चालवता येत नाही, फक्त हुकूम सोडायचे. एकाने शत्रूवर परिणाम करून ठेवायचा आणि दुसऱ्याने तो फोडायचा, ही जोडीची युक्ती याच कंपनीचा ‘मास इफेक्ट’ खेळलेल्यांना लगेच ओळखीची वाटेल. ‘ओरिजिन्स’मध्ये खेळ थांबवून, वरून मैदान बघून चौघांनाही एकेक काम नेमून द्यायचो, तो डाव इथे नाही. मला त्याची आठवण येते, पण यावर मी अडून बसणार नाही. गेम बदलतात.

अडलो ते माणसांपाशी.

माझी मावसबहीण कळव्याला राहते. तिची अशा रोल-प्लेइंग गेममधली सुरुवात ‘बाल्डर्स गेट ३’ने झाली. एका रविवारी ती शेजारी बसून बघत होती. लाइटहाउसमध्ये, म्हणजे आपल्या मुक्कामाच्या जागी, सगळे साथीदार टेबलाभोवती जमले होते. एकाचं बोलताना जरा बिनसलं, दुसऱ्याने समजूत घातली, तिसऱ्याने दोघांचंही कौतुक केलं. ती म्हणाली, “दादा, यांचं कधी कडाक्याचं भांडण होतच नाही का? माझ्या गेममध्ये मी निर्वासितांच्या ग्रोव्हवर हल्ला केला तर कार्लाख आणि विल हे साथीदार सरळ सोडून गेले.” मी तिला ‘ओरिजिन्स’बद्दल सांगायला लागलो आणि बराच वेळ थांबलोच नाही.

कारण हे बायोवेअरने करून दाखवलेलं होतं, २००९ मध्ये. ‘ओरिजिन्स’मध्ये दगाबाज सेनापती लॉगेनला जिवंत ठेवून आपल्या पंगतीला बसवलंत तर साथीदार ॲलिस्टरच्या डोळ्यांसमोर तुम्ही त्याच्या गुरूच्या मारेकऱ्याला मान दिलेला असतो. तो तुमचं ऐकून घेत नाही, निघून जातो. इतके तास ज्याच्यासोबत हसलात, लढलात, तोच. पवित्र अस्थींमध्ये ड्रॅगनचं रक्त ओतलंत आणि विन किंवा लेलियाना सोबत असेल तर त्या तुमच्यावरच हत्यार उपसतात. पहिल्या ‘मास इफेक्ट’मध्ये व्हरमायर ग्रहावर साथीदार रेक्सला पटवता आलं नाही तर तो तिथेच मरतो, आणि पुढच्या भागांत त्याच्या टोळीचा प्रमुख म्हणून त्याचा भाऊ रीव्ह भेटतो. ही पात्रं माझ्या बाजूची होती, पण माझ्या मुठीतली नव्हती. म्हणून त्यांची मैत्री कमवावी लागायची.

‘व्हेलगार्ड’मध्ये साथीदार नाराज झाल्याची पट्टी येते आणि जाते. मिनराथस की ट्रेव्हिसो, यातलं एकच शहर वाचवायचं, तो एक प्रसंग जबरदस्त आहे. ज्याचं शहर पडलं तो साथीदार काही काळ दूर राहतो, परततो तोही बदललेला. तिथे वाटलं, आली, जुनी बायोवेअर आली. पण गेम पुन्हा सगळ्यांना सांभाळून घेण्याच्या सुरात शिरतो. माझा रूक, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, कठोर बोलायला गेला तरी वाक्य शेवटी मवाळच निघतं. दुसऱ्या खेपेला मुद्दाम उर्मट पात्र उभं करायला बघितलं. ते गेमने होऊच दिलं नाही. संवादांत पुढे काय करायचं ते इतक्यांदा सांगितलं जातं की खेळणाऱ्याच्या डोक्यावर लेखकांचा विश्वास नाही असं वाटून मन खट्टू होतं.

क्रोजचं उदाहरण बघा. अँटिवाच्या या मारेकऱ्यांची ओळख आपल्याला ‘ओरिजिन्स’मध्ये झेव्हरान या साथीदाराने करून दिली. त्याला लहानपणीच क्रोजनी विकत घेतलं होतं, मारायला शिकवून मोठं केलं होतं, आणि हे तो हसत हसत सांगायचा. ते हसणंच अंगावर यायचं. ‘व्हेलगार्ड’मध्ये तेच क्रोज ट्रेव्हिसो शहराचे लाडके रक्षक आहेत, परकीय सैन्याशी लढणारं एक मानी कुटुंब. त्यांच्यातलाच साथीदार लुकानिस, त्याच्या घरात सत्तेसाठी डाव रंगतात, पण विकत घेतलेल्या पोरांचा विषय मागेच पडतो. तीच गत टेव्हिंटरची. तीन गेम आपण ऐकत आलो की हे गुलामांच्या जोरावर उभं राहिलेलं साम्राज्य आहे. आता त्याच्या राजधानीत, मिनराथसमध्ये, प्रत्यक्ष पाऊल ठेवलं, तर डॉक टाउनच्या गल्ल्यांत पाऊस आणि निऑनसारखे दिवे सुरेख आहेत, पण ती गुलामी कडेकडेने उल्लेखापुरती. जगातलं वाईट पुसून टाकलं की त्या जगात चांगलं वागण्यालाही वजन राहत नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

मागच्या गेममधले निर्णयही फक्त तीन विचारले जातात, तेही आधीच्या तिसऱ्या भागाचे, ‘इन्क्विझिशन’चेच. ‘ओरिजिन्स’मधल्या फेरेल्डन राज्याच्या गादीवर कोण बसलं, दुसऱ्या भागाचा नायक हॉक, त्याचं काय झालं, कशाचाच पत्ता नाही. जुनी साथीदार मॉरिगन भेटते, पण ‘ओरिजिन्स’मध्ये माझ्यात आणि तिच्यात जे झालं त्यातलं तिला काहीच आठवत नाही.

हे असं का झालं, याचं उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: ईए. मला ते पुरेसं वाटत नाही. कॅनडातल्या एडमंटनला १९९५ मध्ये रे मुझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप या तीन डॉक्टरांनी ही कंपनी काढली. १९९८ मध्ये ‘बाल्डर्स गेट’, २००३ मध्ये ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’, २००७ मध्ये ‘मास इफेक्ट’. ईएने २००८ च्या जानेवारीत कंपनी ताब्यात घेतली, आणि ‘ओरिजिन्स’ व ‘मास इफेक्ट २’ त्यानंतरच आले. म्हणजे मालक बदलला त्या दिवशी प्रतिभा आटली नाही. वाया गेला तो वेळ. ‘ड्रॅगन एज २’ जेमतेम दीड वर्षात उरकायला लावला, म्हणून त्याच त्या गुहा पुन्हा पुन्हा दिसल्या. २०१२ मध्ये मुझिका आणि झेशुक बाहेर पडले. मग फ्रॉस्टबाइट इंजिन आलं, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर. ते मुळात ‘बॅटलफिल्ड’ या गोळीबाराच्या गेमसाठी बनलेलं. त्यात सामानाची पिशवी किंवा सेव्ह यांसारख्या रोल-प्लेइंग गेमच्या प्राथमिक गोष्टीसुद्धा नव्हत्या, त्या बांधत बसावं लागलं. तरीही २०१४ मध्ये ‘इन्क्विझिशन’ने गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर मिळवला, आणि माझ्या मते नुकसान तिथेच पक्कं झालं. शेवटच्या काही महिन्यांत सगळं जुळून येतंच, असा विश्वास आत रुजला होता. त्याला तिथले लोक ‘बायोवेअर मॅजिक’ म्हणायचे. ते जुळून येणं म्हणजे माणसांनी रात्रंदिवस स्वतःला पिळून घेणं होतं. २०१७ चा ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’ आणि २०१९ चा ऑनलाइन गेम ‘अँथम’, दोन्ही वर्षानुवर्षं चाचपडले आणि शेवटी घाईत शिवले गेले.

‘व्हेलगार्ड’ची कहाणी याहून वाईट. आधी ‘जोप्लिन’ नावाने एक छोटा, टेव्हिंटरमधल्या हेरांचा, निर्णयांवर भर देणारा गेम आकाराला येत होता. २०१७ मध्ये तो बंद केला. पुन्हा सुरुवात झाली ती ऑनलाइन, कायम चालू राहणाऱ्या मल्टिप्लेयर गेमची. ‘अँथम’ आपटल्यावर तोही विचार सोडून परत एकट्याने खेळायचा गेम करायचं ठरलं. नकाशांची एकेक बंद गल्लीसारखी रचना, सगळ्यांना चालेल असा बेतलेला सूर, यांत मला त्या मधल्या गेमचे वळ दिसतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ५० जणांना काढलं. त्यांत मेरी कर्बी होत्या, ज्यांनी व्हॅरिक लिहिला. हा गेम ज्याच्या आवाजात सुरू होतो, तो व्हॅरिक! त्याच महिन्यात ‘बाल्डर्स गेट ३’ आला, बेल्जियमच्या लॅरियनने बनवलेला. ज्या नावावर बायोवेअर मोठी झाली, त्या नावाने दुसऱ्या कोणीतरी जग जिंकलं.

तरी ‘इन्क्विझिशन’मधला साथीदार आणि या कथेच्या केंद्रस्थानी असलेला सोलास, त्याच्यासाठी हा गेम खेळावा, हे मी ठासून सांगेन. लांडग्यांच्या पुतळ्यांमधून त्याच्या आठवणी उलगडत जातात, त्या लिहिणाऱ्यांना अजून सगळं येतं. साथीदार एमरिक आणि त्याचा चालता-फिरता सांगाडा मॅनफ्रेड यांची कथा मृत्यूच्या भीतीबद्दल आहे, आणि तिच्या शेवटच्या निवडीपाशी मी बराच वेळ बटण दाबलं नव्हतं. शेवटचे काही तास तर ‘मास इफेक्ट २’च्या आत्मघाती मोहिमेच्या तोडीचे आहेत. कोणाला कुठे पाठवलं याचा हिशेब तिथे चुकवावा लागतो. काय होतं ते फोडत नाही. फक्त हेच धाडस पहिल्या तासापासून असतं तर, असं राहून राहून वाटतं.

२०२५ च्या जानेवारीत ईएने जाहीर केलं की त्या तिमाहीत साधारण १५ लाख खेळाडू या गेमपर्यंत आले, अपेक्षेच्या जवळपास निम्मे. लगेच कर्मचारी इकडेतिकडे हलवले, ट्रिक वीक्स यांच्यासारखे सोलास लिहिणारे लेखक बाहेर गेले. ईएच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की खेळाडूंना आता एकत्र खेळायच्या जगाची सोय अधिकाधिक हवी असते. हे वाचून फार वाईट वाटलं. त्याच मार्गाने जाऊन हा गेम वर्षानुवर्षं रखडला होता. आता पुढच्या ‘मास इफेक्ट’चं काम उरलेल्या छोट्या चमूकडे आहे. तो आला तरी मी पहिल्या दिवशी घेणार नाही. संवाद कोणी लिहिलेत ते आधी बघेन.

घेणार असाल तर सेलमध्येच घ्या, आणि त्याआधी ‘ओरिजिन्स’ खेळा. तो ३२-बिटचा जुना गेम आहे, डेनेरिम शहरात मेमरी भरून बंद पडतो. तेव्हा जास्त मेमरी वापरू देणारा ४ जीबीचा पॅच सुरुवातीलाच टाका आणि दर लढाईआधी स्वतः सेव्ह करा.